झाकली मूठ

बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलात
व्हर्ना गिड्री आम्हाला शिकवायची.
बावीस वर्षं तुरुंगात पहारा केलेली बाई,
गुडघे गेलेले, आवाज शाबूत.
हातात निळं प्लास्टिकचं पिस्तूल, पोरांच्या खेळण्यासारखं,
आणि पाचव्या लेनवर अंथरलेल्या गाद्यांवर
एकमेकांच्या कमरेला झोंबणारे आम्ही:
एक दंतवैद्य, दोघी बहिणी, टपाल वाटणारा लमार,
आणि मी, एकसष्ट वर्षांचा, दोन लॉन्ड्र्यांचा मालक.

ती म्हणायची, काढायची घाई नको.
अंगाला अंग भिडलं की
काढलेलं पिस्तूल दोघांचं होतं.
आधी ते तुमचं राहू द्या.

कोपर बरगडीला. तळवा मुठीवर.
लमारने मला चौदा वेळा पाडलं
आणि चौदाही वेळा सॉरी म्हणाला.
घरी अर्लीन पाठीला बाम चोळत विचारायची,
या वयात कुणाशी कुस्ती खेळतोस?

ऑगस्टमधला मंगळवार, रात्रीचे पावणेबारा.
पोर्ट आर्थरच्या आभाळात रिफायनरीची ज्योत,
हवेत कुजक्या अंड्यांचा वास, जो आम्हाला येत नाही,
पाहुण्यांनाच येतो.
मी सहाव्या ड्रायरमागे वाकून
नाण्यांचा डबा उपसत होतो.

तो मागून आला.
डब्यासाठीच आला असावा.
मिठी मारली त्याने, दुसरा शब्द नाही त्याला,
आणि माझ्या शर्टाखाली
त्याच्या बोटांना ते लागलं.

त्या क्षणी डबा संपला.
पाव डॉलरची नाणी फरशीभर गडगडत गेली,
एकानेही तिकडे पाहिलं नाही.
चार हात, एक मूठ.
जीव मुठीत धरून, असं आपण सहज बोलून जातो.
ती मूठ किती लहान असते,
त्यात दोन जीव मावत नाहीत.

त्याच्या तोंडाला संत्र्याच्या सोड्याचा वास होता.
कानाशी म्हणत होता, सोड, सोड ना.
मीही तेच म्हणत होतो.
लांबून कुणी ऐकलं असतं तर
वाटलं असतं, एकच माणूस स्वतःशी भांडतोय.

आणि मला राग आला, त्याचा नव्हे,
त्या कमरेवरच्या वस्तूचा.
पोटच्या पोरासारखी तिला दोन्ही हातांनी कवटाळून बसलो,
मग मला धरायला
हात उरलाच नव्हता.
नाक त्याच्या डोक्याने फुटलं, फुटू दिलं.
चष्मा गेला, जाऊ दिला.
कोपर बरगडीला. तळवा मुठीवर.
पाचव्या लेनवरून व्हर्ना ओरडत होती.

मग माझाच पाय नाण्यांवरून घसरला,
दोघे आडवे झालो,
तो खाली आला, आणि त्याचा हात सुटला.
बस्स. शौर्य नाही त्यात काही.
उठला, दारावर आपटला, पळाला.
एक बूट राहिला.

कॅमेऱ्यात मोजलं तर अकरा सेकंद.
मला वाटलं होतं, अर्धी रात्र.
पोलिसाने तीनदा विचारलं, बाहेर काढलं होतं का?
नाही, म्हटलं. झाकलेलंच होतं.
झाकलेलंच राहिलं.
तो म्हणाला, नशीबवान आहात.
दोघांपैकी कोण, ते त्याने सांगितलं नाही.

आता रविवारी चर्चबाहेर
कुणी गळाभेटीला पुढे आलं
की माझं कोपर आपोआप खाली येतं.
नात धावत येते, तेव्हाही.
ती म्हणते, आजोबा, दोन्ही हातांनी.
मी म्हणतो, हो, थांब,
आणि आधी कपाटाशी जाऊन येतो.

बूट अजून दुकानात आहे,
हरवलेल्या मोज्यांच्या टोपलीत.
साडेसात नंबरचा.
लेस नवी आहे, दुहेरी गाठ मारलेली,
घरातून निघताना कुणीतरी
वाकून बांधून द्यावी, तशी.